स्वयंपाकघरातला वेळ आणि कष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातून सकाळी साडेसातला तीन डबे बाहेर पडतात. नोकरी सांभाळून हे करायला लागून मला १८ वर्षं झाली. घरात नव्यानं आलेली भाचेसून, हॉस्टेल सोडून खोली घेतलेला पुतण्या, मुलाच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आया, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

खालची बरीचशी उत्तरं एकाच गोष्टीवर उभी आहेत, ती आधी सांगते. हात भराभर चालवून मला फारसा वेळ कधी वाचवता आला नाही, उलट बोट कापलं किंवा दूध उतू गेलं. वेळ वाचला तो काम दुसऱ्यावर सोपवल्यावर: भिजवण्याचं काम पाण्यावर, शिजवण्याचं काम कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेवर, सोलण्याचं काम फ्रीझरवर, मळण्याचं काम नुसत्या थांबण्यावर. आपण झोपलेलो असताना हे सगळे राबत असतात.

सकाळी डब्याची फार घाई होते. सुरुवात कुठून करू?

आदल्या रात्री, ओटा पुसायच्या आधी. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. उद्याची भाजी ठरवून निवडून ठेवायची, कडधान्य भिजत टाकायचं, कणीक मळायची, डबे आणि चमचे ओट्यावर काढून ठेवायचे. सकाळचा निम्मा वेळ ‘आज काय करायचं’ याचा विचार करण्यातच जातो, तो आधी वाचतो.

सगळ्या भाज्या मात्र रात्री चिरून चालत नाहीत. गवार, फरसबी, कोबी, फ्लॉवर, लाल भोपळा, गाजर हे चिरून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी छान राहतं. बटाटा चिरला तर पाण्यात पूर्ण बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, हवा लागली की काळा पडतो. वांगं सकाळीच चिरावं आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाकावं. भेंडी रात्री धुवून, पुसून, कापडावर पसरून ठेवायची आणि सकाळी चिरायची. ओली भेंडी चिरली की तार सुटते आणि मग ती परतत बसण्यात जास्त वेळ जातो. मेथी, पालक निवडून ठेवा, पण धुऊ नका.

रात्री मळलेली कणीक सकाळी काळपट दिसते. वापरावी का?

वापरावी. हवेशी संबंध आल्यानं वरचा थर काळवंडतो, एवढंच. मळून झाल्यावर गोळ्याला सगळीकडून तेलाचा हात लावायचा आणि कणीक जेमतेम मावेल अशा लहान डब्यात दाबून भरायची, म्हणजे आत हवा कमी राहते. मी एका रात्रीपेक्षा जास्त ठेवत नाही. नंतर ती सैल पडते आणि आंबूस वास येतो. पोळ्या करायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर काढून ठेवावी, गार कणीक लाटताना मागे येते.

मळण्याचे कष्ट कमी करायची खरी युक्ती वेगळीच आहे. पीठ, पाणी, मीठ नुसतं एकत्र कालवा, सगळं पीठ ओलं झालं की झाकून वीस मिनिटं बाजूला ठेवा. तेवढ्या वेळात गव्हातलं ग्लुटेन पाणी पिऊन आपणच जाळं धरायला लागतं. मग तेल लावून दोन मिनिटं मळलं तरी दहा मिनिटं तिंबल्यासारखी मऊ कणीक मिळते. माझ्या सासूबाईंचं मनगट दुखायला लागल्यापासून आमच्याकडे अशीच कणीक होते.

भाकरीला चिरा पडतात. किती मळू?

मळणं वाढवण्याआधी पाणी बदलून बघा. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायचं काम पिठातल्या स्टार्चला करावं लागतं, आणि तो गरम पाण्यानंच चिकट होतो. एक वाटी पिठाला साधारण पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी घालून उलथन्यानं कालवा, झाका, हाताला सोसेल इतकं निवलं की मळा. माझी आई सोलापूरकडची, ती गार पाण्यातही सुरेख भाकरी थापायची. पण तो वर्षानुवर्षांचा हात होता. शिकणाऱ्यानं उकडच काढावी.

पीठ जुनं असेल तर मात्र काही उपयोग नाही. बाजरीचं पीठ फार लवकर कडू होतं, आठ-दहा दिवसांत संपेल इतकंच दळून आणा.

तूरडाळीला नेमक्या किती शिट्ट्या?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. शिट्ट्या मोजणं सोडून द्या, मिनिटं मोजा.

आत काय होतं ते समजलं की गोष्ट सोपी होते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ पोचतं. डाळ शिजते ती या तापमानामुळे. शिट्टी म्हणजे फक्त जास्त झालेली वाफ बाहेर टाकणं. एकदा दाब भरला की तो टिकवायला अगदी मंद आच पुरते. मोठ्या आचेवर आठ शिट्ट्या काढल्या तर आतलं तापमान वाढत नाही, तळातलं पाणी मात्र आटत जातं आणि गॅस वाफेबरोबर खिडकीबाहेर जातो.

म्हणून: मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, आच बारीक करा, भिजवलेल्या तूरडाळीला आठ-दहा मिनिटं द्या, गॅस बंद करा, आणि कुकर आपला आपण पडू द्या. दाब उतरेपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत आत शिजणं चालूच असतं, तेही फुकट. वजन उचलून वाफ काढायची घाई डाळीच्या बाबतीत कधीही करू नका. फेस उसळून वाफेच्या तोंडातून गरम डाळ अंगावर उडते.

डाळ आणि भात एकाच कुकरमध्ये लावले की भाताचा गिचका होतो आणि डाळ तशीच राहते.

दोघांना लागणारा वेळ वेगळा असतो, तो आधीच सारखा करून घ्यायचा. डाळ धुवून अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, तांदूळ मात्र भिजवू नका, ऐनवेळी धुवून लावा. डाळीचं भांडं खाली, भाताचं वर. डाळीत हळद, हिंग आणि थेंबभर तेल घाला, त्यानं फेस कमी येतो. तांदूळ नवा असेल तर पाणी कमी लागतं, जुना असेल तर जास्त. पिशवी बदलली की पहिल्या दिवशी अंदाज घ्यावाच लागतो.

भिजवूनही डाळ शिजत नाही, असं का होतं?

तीन कारणं असतात. डाळ फार जुनी असेल, पाणी जड असेल, किंवा आंबट आधी घातलेलं असेल. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीचं साल आणि गर कडक ठेवतं, अशा वेळी पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात डाळ शिजवून बघा. चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच घालायचं. चिमूटभर खायचा सोडा घातला तर डाळ लवकर मऊ होते हे खरं, पण त्यात बी जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो आणि चवही साबणासारखी लागते. मी घालत नाही.

कुकरची शिट्टीच होत नाही, बाजूनं वाफ जाते.

रिंग सैल झाली आहे. ती दहा मिनिटं फ्रीझरमध्ये किंवा बर्फाच्या पाण्यात ठेवून बसवली तर त्या वेळेपुरतं काम भागतं. पण ही एका सकाळची सोय आहे. त्याच आठवड्यात नवी रिंग आणा, आणि आणाल तेव्हा शिट्टीच्या नळीत भाताचं शीत अडकलेलं नाही ना हे उजेडाकडे धरून बघा. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर कधी भरू नये, डाळ असेल तर निम्म्याच्या वर नाही.

कुकर आतून काळा पडतो.

अॅल्युमिनियमचा कुकर पडतोच. तळातल्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकत जा.

मटकीला मोड आणायला दोन दिवस जातात. लवकर येतील का?

उन्हाळ्यात एका दिवसात येतात, थंडीत ऊब द्यावी लागते. आठ-दहा तास भिजवून पाणी पूर्ण निथळून टाका. बहुतेकांचं इथेच चुकतं. तळाला पाणी राहिलं की मटकी चिकट होते आणि वास मारते. ओलसर पंचात सैल बांधून ती पुरचुंडी पोळ्यांच्या डब्यात, म्हणजे कॅसरोलमध्ये, झाकण लावून ठेवा. आत आधी गरम पाणी फिरवून ओतून टाकलं तर पुण्यातल्या जानेवारीतही दुसऱ्या दिवशी मोड दिसतात.

मी एका वेळी अर्धा किलो मटकी भिजवते. मोड आल्यावर तीन भाग करते: एक उसळीला, एक तीन-चार दिवसांत वापरायला फ्रीजमध्ये, एक फ्रीझरमध्ये. गोठलेली मटकी तशीच फोडणीत टाकायची, सोडवत बसायचं नाही.

कडव्या वालांची गोष्ट निराळी. बिरडं करायचं म्हटलं की सोलण्याच्या कल्पनेनंच लोक बेत रद्द करतात. मोड आलेले वाल अर्धा तास कोमट पाण्यात टाका. सालं सुटी होतात आणि चिमटीत दाबला की दाणा उडून बाहेर येतो. घरातले चार जण ताटाभोवती बसले तर किलोभर वाल गप्पा मारता मारता सोलून होतात. सोललेल्या डाळिंब्या फ्रीझरमध्ये महिनाभर चांगल्या राहतात. श्रावणात मी हे काम एकदाच काढते.

लसूण सोलायचा कंटाळा येतो. आठवड्याचा सोलून तेलात ठेवला तर?

सोला जरूर. पाकळ्या सुट्या करून दहा मिनिटं कोमट पाण्यात टाकल्या की सालं नुसत्या अंगठ्यानं निघतात. पुसून कोरड्या करा, खाली कागद घातलेल्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, आठवडा जातो.

तेलात बुडवून बाहेर ओट्यावर मात्र कधीही ठेवू नका. लसणाला मातीतले जंतू चिकटलेले असू शकतात, आणि तेलाखाली हवा मिळत नसल्यानं त्यातले काही तिथे वाढून जिवावर बेतणारं विष तयार करतात. या विषबाधेला बोट्युलिझम म्हणतात. त्या तेलाला वासही येत नाही, चवही बदलत नाही. आलं-लसूण वाटून ठेवायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा. एक वडी, एक भाजी.

कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून काय करू?

कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि सुरी धारदार घ्या. चिरताना पेशी फुटून एक गंधकयुक्त वायू तयार होतो. गार कांद्यात तो सावकाश सुटतो, आणि धारदार पात्यानं पेशी कमी चेंगरतात. मुळाकडचा भाग शेवटी कापा. डोक्यावर पाव ठेवणं, तोंडात पाणी धरणं वगैरे सगळं करून बघितलं आहे, मला गुण आला नाही.

नारळ खवणं फार जिवावर येतं.

मलाही येत असे. कोकणातल्या माणसाशी लग्न केल्यावर रोजचा अर्धा नारळ आला, तेव्हा मी हे शिकले.

नारळ फोडून दोन्ही कवड रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे. सकाळी बाहेर काढून दहा मिनिटं थांबायचं आणि करवंटीवर बत्त्यानं चहूबाजूंनी ठोकायचं. गोठताना खोबरं करवंटीपासून सुटतं, मग सुरीचं बोथट टोक घातलं की अख्खी वाटी हातात येते. तिचे तुकडे करून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवले की वाटणाला लागतं तसं खोबरं दोन मिनिटांत तयार. सोलकढीचं दूध काढायलाही हेच चालतं. मोदकाच्या सारणाला मात्र खवणीवरचंच घ्यावं. त्याचे लांबट कीस गुळात जसे मिळून येतात तसा मिक्सरचा चुरा येत नाही.

चार नारळ एकदम काढले तर खोबरं पिशवीत भरून लाटण्यानं पातळ, सपाट करा आणि तसंच गोठवा. लागेल तेवढा तुकडा चिक्कीसारखा मोडून घेता येतो. गोळा करून गोठवलेलं खोबरं तासभर दगडासारखं बसून राहतं.

आठवड्याचं वाटण एकदम करून ठेवावं का?

भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं नक्की ठेवावं. कांदा तेलावर चांगला लाल, खोबरं खमंग, त्यातच लसूण, आलं, धणे परतून पूर्ण गार करायचं आणि कमीत कमी पाण्यात वाटायचं. एका वेळेला लागेल तेवढे गोळे करून गोठवायचे. उसळ असो, अंड्याची आमटी असो, एक गोळा गरम तेलात सोडला की पुढचं काम दहा मिनिटांचं. कोथिंबीर-मिरचीचं हिरवं वाटणही गोठवता येतं, फक्त त्यात लिंबू ऐनवेळी पिळा.

फोडणी मात्र करून ठेवू नका. अलीकडे तयार फोडणी बाटलीत भरून ठेवायची पद्धत दिसते. पण मोहरी तडतडताना आणि हिंग तेलात पडताना जो वास सुटतो तो उडून जाणारा असतो, दुसऱ्या दिवशी तिथे फक्त तेल उरतं. ती दोन मिनिटं वाचवण्यासारखी नाहीत.

दाण्याचं कूट तेलकट होऊन गोळा बनतं.

दाणे गरम असताना वाटले गेले. भाजून पूर्ण गार होऊ द्या, मग मिक्सर एकेक सेकंद चालू-बंद करत फिरवा. एक किलो दाणे मंद आचेवर एकदाच भाजून सालं पाखडून ठेवा, आणि कूट दर आठवड्याला थोडंथोडं करा. कुटापेक्षा अख्खे दाणे जास्त दिवस ताजे राहतात.

साबुदाण्याची खिचडी चिकट होते.

पाणी जास्त झालं. साबुदाणा पांढरं पाणी जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा, मग दाण्यांच्या पातळीला येईल इतकंच पाणी ठेवून रात्रभर झाका. सकाळी बोटात दाबला की दाणा सहज चेपला पाहिजे. कढईत घालायच्या आधीच कूट, मीठ, साखर चोळून घ्या. कूट बाहेरचा ओलावा शोषतं आणि दाणे सुटे राहतात. एकदा वाफ आली की झाकण काढा.

पोह्यांसाठी काय?

जाडे पोहे, चाळणीत. वरून पाणी ओता, निथळा, मीठ-साखर लावून दहा मिनिटं ठेवा. भिजत घालायचे नाहीत.

कोथिंबीर दोन दिवसांत सडते.

बाजारातून आणलेली जुडी सोडून पिवळी पानं काढा, मुळं कापा, न धुता कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. ओलावा हाच तिचा शत्रू, त्यामुळे कागद दमट झाला की बदला. दहा-बारा दिवस टिकते. मिरच्यांची देठं काढून त्याच पद्धतीनं ठेवाव्यात. कढीपत्ता फ्रीझरमध्ये ठेवला तरी फोडणीत चांगला वास देतो.

आमटी खारट झाली तर कच्चा बटाटा टाकतात. तो मीठ शोषून घेतो का?

बटाटा शोषतो ते खारट पाणी, फक्त मीठ वेचून घेत नाही. त्यामुळे उरलेल्या आमटीचा खारटपणा होता तसाच राहतो. कणकेच्या गोळ्यांचंही तेच. आमटी वाढवा: थोडं बिनमिठाचं वरण, गरम पाणी, किंवा उकडलेला बटाटा कुस्करून घाला. चिमूटभर गूळ आणि आमसूल घातलं की खारटपणा जिभेला कमी जाणवतो. भाजी असेल तर ओलं खोबरं किंवा भाजलेलं बेसन भुरभुरवा.

अळू, सुरण चिरताना हाताला खाज येते.

त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत टोचतात. हाताला तेल चोळून, हात कोरडे ठेवून चिरा. शिजवताना चिंच किंवा आमसूल घालायचं ते केवळ चवीसाठी नसतं, त्यानं घसा खवखवायचा कमी होतो. फणस चिरताना तेल हातालाही लावायचं आणि विळीच्या पात्यालाही, नाहीतर चीक दोन दिवस निघत नाही.

पुरणपोळीचा घाट एका दिवसात झेपत नाही.

तो एका दिवसात झेपवायचा नाहीच. पुरण आदल्या दिवशी करून ठेवा.

हरभराडाळ चार तास भिजवून कुकरला मऊ शिजवा आणि कट पूर्ण निथळू द्या. चाळणीखाली पातेलं ठेवून अर्धा तास विसरून जा. कट फ्रीजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशीची आमटी निम्मी तयार असते. डाळीत पाणी राहिलं तर गूळ घातल्यावर पुरण आटवायला दुप्पट वेळ हलवत उभं राहावं लागतं, खांदे भरून येतात. म्हणून हा अर्धा तास महत्त्वाचा. गूळ विरघळून पुरण घट्ट होत आलं की मधोमध उलथनं उभं करून बघा, न पडता उभं राहिलं की झालं. पुरणयंत्रातून मात्र गरम असतानाच काढायचं. गार झालेलं पुरण काढताना दोन माणसांचं बळ लागतं आणि पोळीत गुठळ्या राहतात. वेलदोडा, जायफळ शेवटी.

दुसऱ्या दिवशी फक्त कणीक भिजवायची आणि पोळ्या लाटायच्या. पुरणाचे आणि कणकेचे गोळे आधीच सारख्या संख्येत करून ठेवले तर शेवटी एकाचंच पीठ उरलंय असं होत नाही. होळीच्या दिवशी सगळे जेवायला बसल्यावर एकजण तव्यासमोर उभी, हे मला फार बोचतं. त्या चार पोळ्यांवर तूप सोडून कॅसरोलमध्ये ठेवा आणि सगळ्यांबरोबर पानावर बसा.

दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर लाकडी चमचा ठेवतात. खरंच उपयोग होतो?

थोडा होतो, फेसाचे बुडबुडे चमच्याला लागून फुटतात. पण आच मोठी असेल तर चमच्यालाही न जुमानता दूध वर येतं. पातेलं मोठं घ्या, आणि दूध ओतायच्या आधी ते आतून पाण्यानं ओलं करून घ्या, म्हणजे तळाला लागत नाही.

भांडं करपलं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालू का?

एकत्र घातले की फसफसतं, ते बघायला छान वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. स्टीलचं भांडं असेल तर बोटभर पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळा, तसंच रात्रभर ठेवा. सकाळी उलथन्यानं पापुद्रे निघतात. अॅल्युमिनियमला सोडा नको, तो काळा पडतो, तिथे चिंच किंवा लिंबाचं पाणी उकळा. तांब्या-पितळेला चिंच-मीठ आहेच.

सिलिंडर किती उरला आहे हे कसं ओळखायचं?

गॅस पेटलेला नसताना ओल्या फडक्यानं सिलिंडर वरपासून खालपर्यंत पुसा. वरचा भाग लवकर वाळतो, आत द्रव गॅस आहे तिथपर्यंतचा भाग थोडा जास्त वेळ ओला राहतो. नेमकं हवं असेल तर वजनकाट्यावर ठेवा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, आणि घरगुती सिलिंडरमध्ये भरताना १४.२ किलो गॅस असतो. वजाबाकी केली की झालं.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकते. काही धोका?

रात्री कुठे ठेवला होता त्यावर अवलंबून आहे. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तासन्‌तास बाहेर उबेत राहिला की ते वाढतात आणि जे विष करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. जेवणं उरकली की भात ताटात पसरून निववा आणि तासाभरात झाकून फ्रीजमध्ये टाका. सकाळच्या फोडणीच्या भाताला असा गार भातच मोकळा होतो. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मी टाकून देते, अन्न टाकताना जीव तुटतो तरी.

वेळ वाचवायला कोणतं यंत्र घ्यावं?

यंत्राच्या आधी ओट्याची उंची बघा. कोपर सरळ खाली सोडून दुमडला तर ओटा त्याच्या टीचभर खाली असावा. उंच ओट्यावर रोज पंधरा पोळ्या लाटणाऱ्या बाईचे खांदे दुखतात आणि दोष वयाला दिला जातो. पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट घेतला तरी फरक पडतो. माझी जाऊ बुटकी आहे, तिनं पोळपाटासाठी वेगळं ठेंगणं टेबलच करून घेतलं.

मग एक चांगली सुरी किंवा विळी, दर दोन महिन्यांनी धार लावलेली. मग मिक्सरचं एक जास्तीचं लहान भांडं, म्हणजे चटणी झाल्यावर कूट करायला धुवत बसावं लागत नाही. कुकरच्या आतल्या भांड्यांचा दुसरा संच. एवढ्यावर माझं भागतं. हातानं दोरी ओढायचे चॉपर मी दोन आणले, दोन्ही धुण्यात वेळ खाऊ लागले म्हणून देऊन टाकले.

घरातले बाकीचे मदत करायला तयार आहेत, पण ‘हे कुठे आहे, ते किती घालू’ विचारत राहतात.

मग उत्तरं डब्यांवर लिहा. आमच्याकडे तांदळाच्या डब्यात एक ठरलेली वाटी असते आणि झाकणावर चिठ्ठी: ‘चौघांना २ वाट्या, पाणी ४.’ डाळीच्या डब्यावर भिजवायचा वेळ आणि मंद आचेची मिनिटं. कुठल्या डब्यात काय, हे सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. हे लिहिल्यापासून कुकर लावणं माझ्या नवऱ्याकडे आणि मोड काढणं मुलाकडे गेलं, आणि मी घरी नसले तरी जेवण वेळेवर होतं. घरातली सगळी मापं एकाच बाईच्या डोक्यात असतील तर ती आजारी पडली तरी अंथरुणातून सूचना देत राहते. माझ्या आईनं आयुष्यभर तेच केलं.

प्रवासाहून रात्री दहाला घरी आलो, घरात काहीच नाही. काय करावं?

अशा रात्रीसाठीच आपल्याकडे उन्हाळ्यात साठवणीचे पदार्थ करून ठेवतात. भाजणी असेल तर कांदा चिरून थालीपीठ, मेतकूट असेल तर मऊ भात आणि तूप, सांडगे असतील तर त्यांची आमटी.

आणि काहीच नसलं तरी बेसन असतं. अर्धी वाटी बेसन आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवून घ्या. तेलात मोहरी, हिंग, लसूण, मिरची, असला तर कांदा. हळद घालून दीड वाटी पाणी ओता, मीठ घाला, खळखळ उकळी आली की कालवलेलं बेसन एका हातानं धार धरून सोडा आणि दुसऱ्या हातानं हलवत राहा. झाकण ठेवून पाच मिनिटं मंद आच. तेवढ्या वेळात एकानं भात लावावा, एकानं कांदा फोडावा.